दोन शहरांमधले तास

हवाई अंतर सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दोन शहरांची नावं टाकली की क्षणात दोन आकडे समोर येतात. इतके किलोमीटर, इतके तास. पहिला आकडा विश्वास ठेवण्यासारखा असतो. दुसरा बहुतेक वेळा पहिल्यावरूनच काढलेला असतो. अंतराला ताशी आठशे-साडेआठशेने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास मिळवायचा, की झाला हिशेब. या भागाकारात चूक काही नाही. फक्त त्यात वारा नाही, देशांच्या हद्दी नाहीत, इंजिनं नाहीत आणि धावपट्टीसमोर लागलेली विमानांची रांगही नाही. आणि खरा प्रवास तर या सगळ्यातूनच होतो. मला विमानांचं वेड लहानपणापासून आहे. पण एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते या दुसऱ्या आकड्यानं.

आधी पहिल्याबद्दल बोलू. शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असं धरायचं आणि त्या गोलाच्या पृष्ठभागावरून सर्वांत जवळची वाट मोजायची. या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात. पृथ्वी तंतोतंत गोल नाही हे खरं. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. पण त्यामुळे अंतरात येणारा फरक शेकड्याला अर्ध्याच्या आसपासच राहतो. प्रवाशाला तो कळणारही नाही.

कळते ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कळण्यासाठी पृथ्वीचा गोल आणि दोरा हातात घ्यावा लागतो. मी हे अनेकदा केलंय आणि प्रत्येक वेळी तितकीच मजा येते. बीजिंग आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं साधारण ४० अंश उत्तरेवर आहेत. भिंतीवरच्या नकाशात एकाच आडव्या रेषेवर दिसतात. साहजिकच वाटतं, त्या रेषेवरून सरळ पूर्वेला निघावं आणि पॅसिफिक ओलांडून पोचावं. गोलावर बीजिंगवर बोट दाबून धरा, दोऱ्याचं दुसरं टोक न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताणा. चाळिसाव्या अक्षांशावर ठेवलेला दोरा जागेवर राहतच नाही, वर सरकतो. सायबेरियावरून सरकत सरकत जवळजवळ उत्तर ध्रुवापाशी जातो आणि पलीकडे कॅनडावरून खाली येतो. अक्षांशाला धरून गेलं तर हे अंतर १४,४०० किलोमीटरच्या आसपास पडतं. ताणलेल्या दोऱ्याची वाट ११,००० किलोमीटरची आहे. तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा फरक, आणि तोही दोऱ्याला न सांगता कळतो.

आपली नजर सपाट नकाशावर पोसलेली आहे. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये आपला नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकलं तर ती वाट कागदावर सरळ रेघ दिसावी, ही त्यांची गरज होती आणि ती त्याने फार सुंदर रीतीने भागवली. त्याची किंमत ध्रुवांकडच्या भागांनी दिली. ते ताणले गेले. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट मोठी आहे, पण त्या नकाशात दोघी बरोबरीच्या वाटतात. म्हणून सीटसमोरच्या पडद्यावर आपलं विमान कमान टाकत उत्तरेकडे जाताना दिसलं की शेजारचा प्रवासी हमखास विचारतो, एवढा वळसा कशाला? वळसा नसतोच तो. तीच सरळ वाट असते, वाकलाय तो नकाशा.

इथपर्यंत सगळं भूमितीत बसतं. पुढे मात्र वारा येतो.

विमानाचा वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग. आणि शहरं आहेत जमिनीवर. विमान ज्या हवेतून चाललंय ती हवा स्वतःच वाहत असेल, तर वाहत्या नदीतल्या पोहणाऱ्यासारखी त्याची गत होते. हात तेवढेच मारले तरी काठावरची झाडं एका दिशेला भराभर मागे पडतात आणि दुसऱ्या दिशेला हलता हलत नाहीत. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर ही नदी खरोखरच आहे. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे नागमोडी वाहणारा हा वारा हिवाळ्यात जोर धरतो आणि ताशी २०० किलोमीटरचा वेग सहज ओलांडतो. कधीकधी ३०० च्याही वर जातो.

या वाऱ्याच्या शोधाची कथा मला फार लागते. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात ततेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडले आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढला. वर गेलेले फुगे पूर्वेकडे भन्नाट वेगाने वाहत जात होते. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून ओइशींनी १९२६ मध्ये ते एस्परांतो या रचलेल्या भाषेत छापलं. जगाची भाषा म्हणून त्यांनी ती निवडली, पण ती वाचणारे फार थोडे होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर मोठ्या उंचीवरून जाऊ लागली, तेव्हा वैमानिकांना हाच वारा लागला आणि त्यांचे हिशेब कोलमडले. त्या वाऱ्याची मापं तेव्हा छापील कागदावर पडून जवळपास दोन दशकं होत आली होती. एका माणसाने इतक्या मोठ्या मनाने सगळ्यांपुढे ठेवलेली गोष्ट कुणी उचललीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुक्कामाचं शहर आपणहून चालत यायला नको का? येत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान धावपट्टी सोडतं तेव्हा तेही त्याच फिरण्यात असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो वेगळ्या जागी. उष्ण आणि थंड प्रदेशांमधला तापमानाचा फरक वाऱ्याला जन्म देतो आणि पृथ्वीचं फिरणं त्याला पूर्वेकडे वळवतं. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणूनच पूर्वेचा प्रवास लवकर होतो. गैरसमजाच्या नेमकं उलट.

न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. पूर्वेला जाताना साधारण सात तास आणि परत येताना आठ, असं वेळापत्रकातही दिसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी जेट स्ट्रीम इतकी जोरात होती की एक प्रवासी बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ऐकून वाटतं, ध्वनीचा वेग ओलांडला. नव्हता ओलांडला. भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच धावत होती.

मग जाताना वाचलेला वेळ येताना गेला, फिट्टंफाट झाली, असं म्हणावं तर तेही होत नाही. हे गणित करून बघण्यासारखं आहे. अंतर ६,००० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १००. पाठून वारा असेल तर ६ तास लागतात आणि समोरून असेल तर साडेसात. एकूण साडेतेरा तास. वारा अजिबात नसता तर हीच जा-ये १३ तास २० मिनिटांत झाली असती. कारण अगदी साधं आहे, पण मला ते चटका लावून गेलं होतं. प्रतिकूल वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तो जास्त वेळ खातो. रीडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये हाच धागा पुढे नेला. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अटलांटिकवरची हिवाळी जेट स्ट्रीम जोर धरेल, पूर्वेचा प्रवास आखडेल, पश्चिमेचा त्याहून जास्त लांबेल आणि दोन्ही मिळून विमानं आजच्यापेक्षा जास्त वेळ हवेत राहतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे शहरं जागच्या जागी राहतील आणि त्यांच्यामधले तास वाढतील.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. ताणलेल्या दोऱ्याने मोजलं तर अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास भरतं. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमान उलट दिशेने, पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास लवकर. कारण पश्चिमेच्या वाटेवर वारा समोरून होता आणि पूर्वेच्या वाटेवर तोच पाठीशी. ही बातमी वाचली तेव्हा मी कागदावर तिन्ही अंतरं एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसलो होतो. लांबची वाट जवळची निघाली होती. दोन शहरांमधलं अंतर किती, या प्रश्नाला इथे तीन प्रामाणिक उत्तरं आहेत, आणि प्रवाशाच्या कामाचं आहे ते चौथं, तासांचं.

माझा भाऊ समुद्रापार राहायला गेला तेव्हा आईने किलोमीटर किती ते एकदाही विचारलं नाही. ‘किती तास लागतात रे?’ एवढंच विचारलं. मी एक आकडा सांगितला. तिने लगेच विचारलं, ‘आणि यायला?’ येण्याचे तास वेगळे असू शकतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला जाण्यापेक्षा येण्याची चिंता जास्त होती, इतकंच.

वाऱ्याइतकीच ताकद हद्दींमध्ये आहे. युरोप ते जपान ही वाट दोऱ्याने थेट सायबेरियावरून जाते, पण शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून टोकियोची सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातल्या अँकरेजला थांबा घेऊन. पुढे कित्येक वर्षं युरोपातून पूर्व आशियाला जाणाऱ्यांना अँकरेज ठाऊक होतं ते मध्यरात्री इंधन भरण्याचं ठिकाण म्हणून. नंतर सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि अँकरेज प्रवाशांच्या तोंडून गेलं. फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने तर आपला सगळा व्यवहारच या जवळच्या वाटेवर उभा केला. हेलसिंकीहून टोकियो साडेनऊ तासांवर होतं. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचं आकाश पुन्हा बंद झालं आणि तेच टोकियो १३ तासांवर गेलं. विमानं परत ध्रुवावरून जाऊ लागली. दोन्ही शहरं एक इंचही हलली नाहीत, आणि त्यांच्यात साडेतीन तासांची भर पडली. २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्यांनाही हा वळसा पडला.

आकाशातली हद्द दिसत नाही, पण ती चुकून ओलांडली तर काय होतं हे १ सप्टेंबर १९८३ ला जगाने पाहिलं. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत भरकटलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की आपली जीपीएस यंत्रणा तयार झाली की ती नागरी वापरासाठी खुली असेल. आज आपल्या फोनवर दिसणाऱ्या ठिकाणाच्या बिनचूकपणाशी त्या रात्रीचा असा संबंध आहे. अंतर बघताना हे आठवलं की बोट थबकतं.

वाट वाकवणारं आणखी एक कारण आहे इंजिनांचं. दोन इंजिनांच्या विमानातलं एक बंद पडलं, तर दुसऱ्याच्या जोरावर ठरावीक वेळात उतरता येईल असा विमानतळ आवाक्यात असावाच लागतो. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये अटलांटिकवर १२० मिनिटांची परवानगी मिळाली, तीन वर्षांनी १८० ची. आता काही विमानांना सहा तासांच्याही पुढची आहे. अलास्कातल्या कोल्ड बे या मूठभर वस्तीच्या गावाला तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे. पॅसिफिकवरून रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांना तिचं नावही माहीत नसतं, तरी ती अनेकांच्या वाटेच्या हिशेबात असते. ध्रुवाकडून जाताना वैमानिक इंधनाच्या तापमानावरही लक्ष ठेवून असतात. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांपाशी गोठू लागतं आणि बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. टाकीतलं तापमान फार उतरायला लागलं, तर विमान थोडं खाली, कमी थंड हवेत आणावं लागतं किंवा वेग वाढवावा लागतो. वाट तीच, वेळ पुन्हा बदलली.

तिकिटावरची वेळ तर आणखी वेगळी. ती विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं येतं, उतरण्याआधीच्या घिरट्या येतात आणि उशीर झाला तरी वेळापत्रक सांभाळता यावं म्हणून ठेवलेली वीस-पंचवीस मिनिटंही येतात. जवळच्या शहरांना याचा मोठा फटका बसतो. हवेतला वेळ पाऊण तास आणि छापील वेळ सव्वा तास, हे नेहमीचंच. पन्नास-साठ वर्षांत विमानांचा वेग वाढलेला नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. १९५८ मध्ये बोइंग ७०७ अटलांटिकवर ज्या वेगाने जाऊ लागलं, जवळपास त्याच वेगाने आजची विमानं जातात. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन परवडत नाही. कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाने ध्वनीच्या वेगाची ती भिंत ओलांडली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत. २००३ मध्ये ती सेवा थांबली आणि ही दोन शहरं पुन्हा लांब गेली. प्रवासाच्या इतिहासात असं उलटं क्वचितच घडलं असेल.

वेग थांबला, पण पल्ला वाढत राहिला. १९४७ मध्ये सिडनीहून लंडनला जाणारं क्वांटासचं कॉन्स्टेलेशन विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, ट्रिपोली असं थांबत चार दिवसांनी पोचायचं. त्याच्याही आधी, महायुद्धात, पर्थ आणि श्रीलंकेतलं कोग्गला यांच्यामध्ये कॅटलिना विमानं हिंदी महासागर एका दमात ओलांडत. रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून, प्रवासी जेमतेम तीन. २७ ते ३३ तास सलग हवेत. त्या प्रवाशांना वाटेत सूर्योदय दोनदा दिसायचा आणि त्याबद्दल प्रमाणपत्र मिळायचं. २०२२ नंतर ध्रुवावरून टोकियोला जाणाऱ्यांनाही फिनएअरने प्रमाणपत्रं दिली. लांबलेल्या तासांचा असा कागदी मान राखण्याची कल्पना मला मनापासून आवडते.

मार्च २०१८ मध्ये पर्थ ते लंडन हा १४,५०० किलोमीटरचा प्रवास न थांबता, साधारण १७ तासांत होऊ लागला. आता सिडनी ते लंडन थेट जाण्याची तयारी चालली आहे. सुमारे १७,००० किलोमीटर, वीस तासांच्या वर, वारा विरुद्ध असेल तर बावीसपर्यंत. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरचा, त्यामुळे कुठलीही दोन शहरं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून लांब असूच शकत नाहीत. म्हणजे पल्ल्यात आता मिळवायचं थोडंच उरलंय. ही सेवा सुरू झाली की मला ती दोन्ही दिशांनी करायची आहे, खिडकीजवळ बसून, समोरच्या पडद्यावरचा जमिनीवरचा वेग तासातासाला वहीत लिहीत. जाताना बराच काळ वारा समोरून असेल, येताना पाठीशी. परत आल्यावर दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी मांडीन आणि तास नेमके कुठे गेले ते बघीन.